मिस्सेसाठी (कॅथलिक चर्चमधील मुख्य उपासनेसाठी) गीते निवडताना

प्रश्न: धर्मग्रामातील (एका चर्चच्या भाविक समुदायातील) गायकवृंदाची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. गीते सुरेल होतात, पण बाकांवरची माणसे ओठ मिटून उभी असतात. निवड कुठून सुरू करावी?

उत्तर १: त्या रविवारच्या बायबल वाचनांपासून. प्रतिसाद स्तोत्राच्या (वाचनानंतर लोक ध्रुवपद गाऊन उत्तर देतात त्या स्तोत्राच्या) जागी आवडते भक्तिगीत घालू नका, कारण ते वाचनविधीचाच भाग आहे; प्रायश्चित्तकाळात (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात) आलेलुया हा स्तुतीचा घोषही वगळावा लागतो.

उत्तर २: पट्टी तपासा. चाल फार वर चढली, की पुरुषमंडळी आधी गप्प होतात (आमची तर दुसऱ्याच ओळीला). आम्ही पट्टी उतरवली, ‘पवित्र, पवित्र’ या मिस्सेतील स्तुतिगीताची एकच चाल काही महिने टिकवली आणि ध्रुवपदाआधी हात उंचावून दिसेल असा श्वास घेऊ लागलो, तेव्हा लोक गाऊ लागले.

उत्तर ३: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने) १९६३ मध्येच उपासनेतील लोकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला, म्हणून ध्रुवपदाला तुम्ही माइकपासून मागे सरका.