विमानाच्या पत्र्याची दुरुस्ती: एअरलाइन आणि हवाई दलात फरक काय?

उद्यमनगर_पत्रेवाला:
उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूर विमानतळावर, उतरणाऱ्या विमानांवरनं विचारतोय. आमच्या शॉपमध्ये पत्र्याला चीर गेली की जाड पट्टी घ्यायची, चार रिवेट जादा ठोकायचे, विषय संपला. विमानात हे चालत नाही म्हणतात. का? आणि हवाई दलात वेगळं करतात का?

शीटमेटल_एएमई:
भावा, जाड पट्टी हाच घोळ आहे. डबलर, म्हणजे चिरेवर बसवायची पट्टी, जितका ताठ, तितका लोड तो स्वतःकडं ओढतो, आणि त्यातला सगळ्यात जास्त कडेच्या रिवेट-ओळीतनं जातो. फटीग क्रॅक, म्हणजे वारंवार ताण पडून जाणारी चीर, तिथंच सुरू होतो, तोही मूळ पत्र्यात, डबलरखाली. बाहेरनं दिसत नाही. म्हणून डबलर बहुधा मूळ पत्र्यापेक्षा एकच गेज (जाडीची एक पायरी) जाड घेतात.

१.०२ मिमी जाडीची २०२४-टी३ (अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू) स्किन, म्हणजे विमानाचा बाहेरचा पत्रा, धर. डबलर १.२७, रिवेट ५/३२ इंची, म्हणजे साधारण ४ मिमी. पिच, म्हणजे दोन रिवेटमधलं अंतर, ४डी (डी म्हणजे रिवेटचा व्यास) म्हणजे १६ मिमी. एका पिचमधल्या पत्र्याची ताकद सुमारे ७००० न्यूटन, एका एडी रिवेटची (अ‍ॅल्युमिनियमचा नेहमीचा रिवेट) शिअर, म्हणजे आडवं कापलं जाण्याविरुद्धची ताकद, २६५० च्या आसपास. भागाकार २.६, म्हणून चिरेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन ओळी. कडेपासून अंतर किमान २डी, वर थोडं जास्तच ठेव. हा ढोबळ हिशोब. प्रत्यक्षात मॅन्युअल सांगेल तेच.

कटआउटचे, म्हणजे खराब भाग कापून केलेल्या भोकाचे, कोपरे गोल हवेत, चौकोनी कोपऱ्यातनं चीर परत निघते. ड्रिल झालं की पत्रे सुटे करून बर, म्हणजे भोकाच्या कडेला राहिलेली धारदार किनार, काढायची. आळस केला की बर मध्ये अडकते, पत्रे बसत नाहीत आणि सीलंट भरूनही फट राहते. सीलंट घट्ट व्हायच्या आत रिवेट मारून मोकळं व्हायचं.

माजी_एअरफ्रेम:
रिवेटचं गणित दोन्हीकडं एकच. फरक दुरुस्ती किती काळ टिकवायची आणि सही कुणाची, यात. एअरलाइनमध्ये नुकसान एसआरएमच्या (विमानाच्या दुरुस्ती मॅन्युअलच्या) मर्यादेबाहेर गेलं की विमान बनवणारी कंपनी किंवा सीएआर-२१ या नागरी विमान नियमाखाली मान्यता असलेली डिझाइन संस्थाच दुरुस्ती मंजूर करते. पुढची तपासणी कधी आणि किती अंतरानं, तेही त्यातच ठरतं. लष्करी विमानांच्या डिझाइनला मंजुरी सेमिलॅक या सरकारी संस्थेची, गुणवत्तेला डीजीएक्यूए या दुसऱ्या सरकारी संस्थेची. युद्धात मात्र तात्पुरती बॅटल डॅमेज दुरुस्ती चालते: वेग आणि जी-लोडवर (वळताना-झेपावताना विमानावर पडणाऱ्या भारावर) बंधन घालून विमान उडवायचं, कायमची दुरुस्ती नंतर.

उद्यमनगर_पत्रेवाला:
मग एअरलाइनवाले एवढे कागद का करतात?

शीटमेटल_एएमई:
चायना एअरलाइन्सच्या फ्लाइट ६११ चा अपघात बघ. १९८० मध्ये शेपूट धावपट्टीला घासली. खरवडलेला पत्रा कापून काढला नाही, वर डबलर बसवला आणि ओरखडे त्याच्याखाली राहिले. २५ मे २००२ ला विमान हवेतच तुटलं, २२५ जण गेले.

सराव करायचा तर भंगारातल्या पत्र्यावर कर. ४.०४ मिमीचं ड्रिल घे. बकिंग, म्हणजे रिवेटचं मागचं टोक ठोकून चपटं करणं, झाल्यावर त्या डोक्याचा व्यास १.५डी, म्हणजे ६ मिमी, आणि उंची २ मिमीच्या आसपास आली पाहिजे. डोकं तिरकं झालं तर रिवेट काढून परत मार.