बेस गिटारसाठी छोटा कॉम्बो अँप हवाय: घरी रियाज, बाहेर छोटे कार्यक्रम (नागपूर)

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं झाली बेस गिटार वाजवतोय, पण स्वतःचा कॉम्बो अँप (अँप्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात) अजून घेतलेला नाही. आता कोजागिरीच्या आत घ्यायचाच आहे. जितकं वाचतो तितका गोंधळ वाढून राहिला, म्हणून इथे विचारतोय. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे सांगणाऱ्याला अंदाज येईल.

राहायला त्रिमूर्तीनगरला, तिसऱ्या मजल्यावर. वाजवायची खोली १० बाय १२ फूट. खालच्या घरात एक आजी एकट्या राहतात, दुपारी त्यांची झोप असते. रात्री नऊला आमची मुलगी झोपते. मोकळेपणाने वाजवायला मिळतं ते संध्याकाळी सहा ते आठ, बाकी सगळं हेडफोनवर.

ग्रूप सहा जणांचा: दोन गायक, कीबोर्ड, अकूस्टिक गिटार, ऑक्टोपॅड आणि मी. जुनी हिंदी-मराठी गाणी करतो. सभागृहात कार्यक्रम असला की साउंडवाला असतो आणि माझी वायर सरळ मिक्सरमध्ये जाते. तिथे त्रास एवढाच की मला माझाच बेस ऐकू येत नाही, नुसत्या बोटांच्या अंदाजाने वाजवावं लागतं. धरमपेठेतल्या एका कॅफेत महिन्यातून एकदा बसतो. तिथे ऑक्टोपॅडऐवजी काहोन (वर बसून हातांनी वाजवायचा लाकडी खोका) असतो आणि स्टँडवर दोन स्पीकर, तेही गायकांपुरते. त्यातच बेस घातला की गाण्याचे शब्द गढूळ होतात. आणि तिसरा प्रकार म्हणजे सोसायटीच्या गच्चीवरची कोजागिरी. गेल्या वर्षी तिथे बेस होता की नव्हता हे खुर्च्यांवर बसलेल्यांना कळलंच नाही.

मागच्या महिन्यात कॅफेत मित्राचा १५ वॉटचा गिटार अँप नेला होता. तिसऱ्या गाण्यात फडफड सुरू झाली. मला वाटलं वायर सैल आहे, म्हणून वाजवत राहिलो. घरी येऊन जाळी काढली तर स्पीकरचा कागद कडेने फाटलेला. नवा स्पीकर बसवून दिला त्याला, पण मनाला फार लागलं. दुसऱ्याची वस्तू होती.

बजेट ३५ हजार, अगदीच चांगला असेल तर ४०. वाहन म्हणजे स्कूटर: बेस पाठीवर, अँप पायाशी. डोक्यात आहेत फेंडर रम्बल ४०, रम्बल १००, अँपेग रॉकेट बेस आरबी-११० आणि ऑरेंज क्रश बेस ५०.

४० वॉट पुरतील का? १० इंच आणि १२ इंच स्पीकरमध्ये कानाला खरंच फरक पडतो का? आणि घर व कार्यक्रम दोन्ही एकाच अँपवर निभवावेत, की घरासाठी वेगळा छोटा घ्यावा? ज्यांनी स्वतः वाजवलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

घरासाठी रम्बल २५ घ्या, मस्त आहे. ८ इंची, हलका. बाहेरचं साउंडवाला पाहील.

प्रतिसाद २

वरच्या सल्ल्याशी सहमत नाही. त्यांच्या कॅफेत साउंडवाला नाहीच, हे त्यांनी स्पष्ट लिहिलंय. शिवाय रम्बल २५ ला मागे एक्सएलआर आउट (मिक्सरला वायर द्यायचं तीन पिनांचं छिद्र) नाही, ४० आणि १०० ला आहे. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं छिद्र तेच आहे, भाऊ.

मी सदरला राहतो, चर्चमध्ये आणि ऑर्केस्ट्रात मिळून वीसेक वर्षं बेस वाजवला. सभागृहात तुमचा अँप लोकांना ऐकवण्यासाठी नसतोच. लोकांना ऐकवायला मोठे स्पीकर आहेत. तुमचा अँप तुमच्या कानासाठी. अँपच्या एक्सएलआरमधून वायर मिक्सरला द्या आणि अँप मागच्या बाजूला खुर्चीवर, जरा तिरका, तोंड तुमच्या कानाकडे करून ठेवा. जमिनीवर ठेवला तर आवाज तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतो, मग माणूस व्हॉल्यूम वाढवत बसतो आणि पुढच्या रांगेतले वैतागतात. एवढ्या कामाला ४० वॉट भरपूर झाले.

कॅफेत मात्र अँप एकटा आहे. काहोनबरोबर, लहान जागेत, ४० वॉट कसेबसे पुरतात असा माझा अनुभव. काड्यांनी वाजणारा पूर्ण ड्रमसेट आला की नाही पुरत. गच्चीवर तर अजिबातच नाही, कारण तिथे आवाज परतवायला भिंतीच नसतात.

आणि गिटार अँपचं म्हणाल तर ती चूक आम्ही सगळ्यांनी केली आहे. बेसच्या उघड्या ई तारेची कंपनं सेकंदाला ४१च्या आसपास, गिटारच्या ई तारेची त्याच्या दुप्पट, ८२. स्वर जितका खाली, तितकाच आवाज काढायला कागदाला तितकं जास्त पुढेमागे धावावं लागतं. गिटारचा स्पीकर एवढ्या धावेसाठी बनवलेलाच नसतो. फडफड ऐकू आली की लगेच थांबायचं.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. एक्सएलआरकडे मी लक्षच दिलं नव्हतं, वॉटच बघत होतो. मग सरळ १०० वॉटचा घेतला तर अडीचपट आवाज मिळेल ना? घरी तो जड नाही का होणार?

प्रतिसाद ३

अडीचपट नाही. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. ४० वरून १०० वर गेलात तर ४ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट. पण ते ४ डेसिबल वाया जात नाहीत, कारण बेस नेमका टोकाच्या ठोक्याला फाटतो. तुम्ही जोरात तार ओढली आणि अँपकडे शिल्लक ताकद नसली की तो स्वर चपटा होतो. जास्त वॉट म्हणजे त्या क्षणासाठी राखून ठेवलेली जागा. शिवाय १२ इंची स्पीकरचं क्षेत्रफळ १० इंचीच्या जवळपास दीडपट, त्यामुळे हवाही जास्त हलते. फरक कानाला कळतो.

घरच्याबद्दल एक सांगतो, कारण हे दुकानात कोणी सांगत नाही. तुमची खोली १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर. ज्या स्वराची अर्धी लहर त्या लांबीत बरोबर बसते तो स्वर खोलीत घुमतो. तुमच्याकडे तो ४७ हर्ट्झच्या आसपास येतो. १० फुटांच्या बाजूने ५६. आता बेसवर बघा: ई तारेचा दुसरा फ्रेट ४६.२, तिसरा फ्रेट ४९, उघडी ए तार ५५. म्हणजे एफ शार्प, जी आणि ए हे तीन स्वर फुगतील आणि बाकीचे अशक्त वाटतील. अँप कोणताही आणा, हे तीन स्वर फुगणारच. खालच्या आजींना ऐकू जाणार तेही बहुतेक हेच.

अँप कोपऱ्यात ठेवू नका, कोपरा खर्जाला सर्वांत जास्त उचलतो. स्वतः भिंतीला टेकून बसू नका. स्टुलावर जाड सतरंजीची घडी, तिच्यावर अँप, म्हणजे निदान खोक्याची थरथर स्लॅबमध्ये उतरणार नाही. हवेतून जाणारा खर्ज मात्र सतरंजीने थांबत नाही, त्याला बेसचा नॉब कमी करणं हाच इलाज.

धागाकर्ता

आत्ताच तपासून आलो. हेडफोन काढून बेस घरच्या होम थिएटरला अगदी हळू लावला आणि एक-एक फ्रेट वाजवला. एफ शार्पला खिडकीची काच वाजते! मी इतके दिवस समजत होतो की माझी बोटं त्या स्वरावर जास्त जोरात पडतात आणि तो मुद्दाम हलका वाजवायची सवय लावून घेतली होती. आता ती मोडायला हवी.

प्रतिसाद ४

दादा, मीपण नागपूरचीच, कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवते. माझ्याकडे रम्बल ४० आहे, दीड वर्ष झालं. वजन साधारण ८ किलो. लोकमान्य नगरहून मेट्रोने बर्डीला नेते, एका हातात आरामात मावतो. १०० चं वजन १० किलोच्या आसपास, म्हणजे दोन किलोंसाठी अडून बसू नका. स्कूटरवर अडचण वजनाची नसते, रुंदीची असते. दुकानात जाताना टेप न्या, हँडल वळवताना खोका गुडघ्याला लागतो का ते बघा.

घरी हळू वाजवताना खर्ज गायब झाल्यासारखा वाटतो, तेव्हा बेसचा नॉब वाढवायचा मोह होतो. नका वाढवू. कमी आवाजात कानच खर्ज कमी पकडतो. मिड (मधल्या स्वरांचा नॉब) थोडा वाढवा, स्वर ओळखू येतात आणि रियाजाला तेच पाहिजे. दोन्ही अँपना हेडफोनचं भोक आहे, ऑक्स इनही आहे, मोबाइलवर गाणं लावून सोबत वाजवता येतं. म्हणून घरासाठी वेगळा छोटा घ्यायची गरज मला तरी वाटत नाही.

आणि उन्हाळ्यात अँप कूलरच्या झोतात ठेवू नका. माझ्या नॉबमध्ये मे महिन्यात खरखर सुरू झाली ती त्या ओलाव्यामुळेच, असं दुरुस्तीवाल्या काकांनी सांगितलं.

प्रतिसाद ५

सेकंडहँड चालणार असेल तर बजेटमध्ये १०० वॉट सहज बसू शकतो, पण डोळे उघडे ठेवून घ्या. परदेशातून कोणी आणलेला असेल तर मागची पट्टी आधी वाचा. १२० व्होल्टचा असला तर आपल्या २३० वर लावताक्षणी जाईल. नॉब सगळे पूर्ण फिरवून बघा. ई तार वाजवून कान जाळीशी न्या, घासल्याचा आवाज आला तर कॉइल सरकलेली असते. अर्धा तास सलग वाजवून बघा, काही दोष गरम झाल्यावरच दिसतात. आणि हेडफोन लावल्यावर स्पीकर खरंच बंद होतो का तेही.

प्रतिसाद २

आणखी एक राहिलंच. सभागृहात एक्सएलआर लावल्यावर कधीकधी हम्म येतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तो आवाज बेसच्या जी स्वराला चिकटूनच असतो, त्यामुळे फार त्रास देतो. अँपच्या मागे ग्राउंड लिफ्टचं (एक्सएलआरच्या वायरीतलं अर्थिंग तोडणारं) बटण असेल तर ते दाबा. काही जण प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकतात. हम्म जातो, पण मग तारेला आणि माइकला एकदम स्पर्श झाला की झटका बसू शकतो. मांडवातल्या जनरेटरवर तर हा प्रकार कधीच करू नका. हे हात जोडून सांगतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल स्वतःचा बेस घेऊन दुकानात गेलो आणि दोन तास वाजवत बसलो. दुकानदारांनी कंटाळा न करता वाजवू दिलं. ऑरेंजचा स्वर गोड लागला. अँपेगच्या आरबी-११० मध्ये मिडचा जो खडबडीतपणा आहे तो माझ्या बोटांना फार आवडला, ५० वॉटच्या मानाने अंगही भरलेलं वाटलं. रम्बल ४० आणि १०० शेजारी ठेवून तेच एक गाणं वाजवलं. हळू आवाजात दोघांत फारसा फरक नाही. व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे गेला आणि काउंटरवरच्या मुलाने काहोनवर ठेका धरला, तेव्हा ४० चा आवाज दबायला लागला आणि १०० चा नाही. ई तारेवर तर स्पष्टच कळलं.

नवा १०० बजेटच्या थोडा वर जात होता. प्रतापनगरमधल्या एका गृहस्थांकडे दोन वर्षं वापरलेला मिळाला, ३१ हजारांत. वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या केल्या, पट्टी वाचली, अर्धा तास वाजवला. बेसचा नॉब सोडून सगळे स्वच्छ फिरतात, त्याची जरा खरखर आहे, ती साफ करून घेईन. स्कूटरवर बसतो, फक्त उजव्या वळणाला जरा सांभाळावं लागतं.

घरी स्टुलावर, सतरंजीवर, कोपऱ्यापासून चार फूट लांब ठेवलाय. बेस कमी, मिड थोडा वर. काच वाजायची थांबली. संध्याकाळी खाली जाऊन आजींना विचारलं, त्रास होतो का. म्हणाल्या, काल काही तरी वाजत होतं, पण गाणं ओळखू आलं नाही, पुढच्या वेळी जरा मोठ्याने वाजव.

आता फक्त गच्चीचा प्रश्न राहिला. कोजागिरीला तीन आठवडे आहेत. रात्री दहाला स्पीकर बंद करावे लागतात, म्हणून आठलाच सुरू करणार. साउंडवाला नाही, तेच दोन स्टँडचे स्पीकर आणि हा अँप. मोकळ्यावर याला कुठे ठेवू?

प्रतिसाद ३

गच्चीवर पाण्याच्या टाकीची भिंत किंवा जिन्याची खोली असेल ना? घरात जे टाळायला सांगितलं तेच तिथे करा. अँप खाली जमिनीवर, पाठ त्या भिंतीला अगदी चिकटवून. दोन भिंतींचा कोपरा मिळाला तर उत्तमच. जमीन आणि भिंत मिळून खर्ज पुढे ढकलतात. बेसचा नॉब मधल्या खुणेवर ठेवून सुरुवात करा आणि एखाद्याला शेवटच्या खुर्चीवर बसवून ऐकायला सांगा.

धागाकर्ता

जिन्याची खोली आहे, आणि तिच्या बाजूला टाकीची भिंत काटकोनात येते. रविवारी सकाळी अँप वर नेऊन बघतो आणि इथे लिहितो.