दिलेली सगळी अक्षरं असलेला लांबात लांब इंग्रजी शब्द कसा शोधायचा?

प्रश्न

सी, जी, एच, पी, टी, वाय ही सहा अक्षरं दिली आहेत. सहाच्या सहा ज्यात आहेत असा लांबात लांब इंग्रजी शब्द हवा. क्रम कुठलाही चालेल, मध्ये इतर अक्षरं कितीही आली तरी हरकत नाही. ‘कॉपीराइट’ हा नऊ अक्षरी शब्द मिळाला, पण त्यापुढे गाडी अडली आहे. ॲनाग्रामच्या, म्हणजे अक्षरं उलटसुलट करून शब्द बनवणाऱ्या साइटवर ही अक्षरं टाकली तर टी-एच-वाय असले तीन अक्षरी शब्द येतात. शब्दयादीत चौकटी कंसात सहा अक्षरं घालून रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात नमुना शोधायची खुणांची भाषा) चालवलं तर जवळजवळ अख्खी यादीच समोर येते. नेमकं काय चुकतंय?

प्रतिसाद १

ॲनाग्रामची साइट ‘फक्त याच अक्षरांत’ बसणारे शब्द शोधते. तुम्हाला ‘ही तर हवीतच, वर आणखी काहीही’ असे शब्द हवेत, म्हणजे शोध बरोबर उलटा आहे. तिथे हे उत्तर मिळणारच नाही.

कागदावर करायचं असेल तर अख्खा शब्द आठवायला जाऊ नका. लांब इंग्रजी शब्द बहुतेक जोडकाम असतं: उपसर्ग, मूळ शब्द, प्रत्यय. आधी दिलेल्यांपैकी जास्तीत जास्त अक्षरं एकदम पोटात घेणारा तुकडा शोधा. तुमच्या संचात ‘ग्राफी’ हा एकटाच जी, एच, पी, वाय अशी चार अक्षरं घेतो. त्याचं ‘ग्राफिकली’ केलं की सी आला, वाय शेवटी टिकला आणि लांबीही वाढली. राहिला टी, तो पुढच्या तुकड्यातून आणायचा. टायपोग्राफिकली १५ अक्षरं, फोटोग्राफिकली १६, क्रिप्टोग्राफिकली १७, क्रिस्टलोग्राफिकली २०. इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफिकली थेट २७ वर जातो.

तुमच्या ‘कॉपीराइट’लाही पुढे वाट आहे. मागे ‘अन’, पुढे ‘एबल’ लावा: अनकॉपीराइटेबल, १५ अक्षरं आणि एकही अक्षर दोनदा नाही. ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ही तसाच, १५ पैकी १५ वेगळी, आणि तुमची सहाही त्यात आहेत.

दुसरे संच आले तर दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात करा आणि त्याचा ठरलेला वाहक आठवा. जे साठी ‘जेक्ट’, एफ साठी ‘फिकेशन’. दोन्ही हवे असतील तर ऑब्जेक्टिफिकेशन, १५ अक्षरं. झेड साठी ‘आयझेशन’, बी साठी ‘ॲबिलिटी’, क्यू साठी ‘इक्वि’. एक्स, वाय, झेड तिन्ही एकत्र मागितले तर ‘हायड्रॉक्सिझिन’ या औषधाच्या नावात सापडतात.

शब्द लांब म्हणजे त्यात वेगवेगळी अक्षरंही जास्त, असं मात्र धरू नका. ‘न्यूमोनो’ने सुरू होणारा फुप्फुसाच्या आजाराचा तो प्रसिद्ध ४५ अक्षरी शब्द घ्या. त्यात वेगळी अक्षरं फक्त १४ आहेत. जी, एच, वाय यांतलं एकही नाही, त्यामुळे तुमच्या कोड्यात तो पहिल्याच फेरीत बाद.

प्रतिसाद २

रेग्युलर एक्स्प्रेशनमधली चूक अशी: चौकटी कंस म्हणजे ‘यांपैकी कुठलंही एक’. ‘सगळी’ असा त्याचा अर्थ होत नाही. सहा अक्षरं ओळीने लिहून मध्ये ‘टिंब-तारा’ (इथे काहीही चालेल अशी खूण) घातले तर फक्त तोच एक क्रम जुळतो, आणि सहा अक्षरांचे क्रम ७२० होतात.

सोपा उपाय म्हणजे सहा चाळण्या. ग्रेप ही कमांड लाइनवरची कमांड दिलेलं अक्षर असलेल्या ओळी तेवढ्या ठेवते. यादी आधी सी साठी ग्रेपमधून काढा, जे उरेल ते पाइपने (एका कमांडचं उत्तर थेट दुसरीला देणाऱ्या उभ्या रेघेने) जी च्या ग्रेपला द्या, असं सहा वेळा. मग ऑक या कमांडने प्रत्येक शब्दापुढे त्याची लांबी छापा आणि सॉर्ट या कमांडने उतरत्या क्रमाने लावा.

प्रोग्रॅम लिहिणार असाल तर प्रत्येक अक्षराला एक बिट (० किंवा १ ची जागा) द्या, अक्षर असेल तर १. अशा बिटांची ओळ म्हणजे मास्क. २६ बिट ३२ बिटांच्या पूर्णांकात सहज मावतात. शब्दाचा मास्क आणि संचाचा मास्क यांचा ‘अँड’ (दोन्हींत १ असलेले बिट) संचाच्या मास्कइतकाच आला तर शब्द पास. पण बिटाला ‘आहे की नाही’ एवढंच कळतं. पी दोनदा हवा असेल तर अक्षरांची मोजणीच ठेवावी लागते. तेव्हा क्रिस्टलोग्राफिकली गळतो, कारण त्यात पी एकच आहे. फोटोग्राफिकली आणि क्रिप्टोग्राफिकली टिकतात. काही जण प्रत्येक अक्षराला मूळ संख्या देऊन गुणाकाराची विभाज्यता तपासतात. त्यात दोनदा येणारी अक्षरं आपोआप सांभाळली जातात, पण लांब शब्दांचा गुणाकार ६४ बिटांबाहेर जातो आणि बऱ्याच भाषांत कुठलाही इशारा न देता उत्तर चुकतं. पायथनच्या पूर्णांकांना ती मर्यादा नाही.

यादी कुठली घेता यावर मात्र सगळं अवलंबून आहे. स्क्रॅबल स्पर्धांच्या याद्या १५ अक्षरांवर थांबतात, कारण पटच १५ बाय १५ घरांचा. १७, २० आणि २७ अक्षरी शब्द तिथे कधीच दिसणार नाहीत. ‘एनेबल’ ही मुक्त यादी घ्या, तिच्यात १५ च्या वरचे शब्दही आहेत. संचात झेड असेल तर आणखी एक बघा: बऱ्याच ब्रिटिश याद्यांत ‘आयझेशन’ एस ने लिहिलेलं असतं, आणि शब्दांचा मोठा गठ्ठा गुपचूप निसटतो.

प्रतिसाद ३

कमांड लाइन नको असेल तर एक्सेलमध्येही होतं. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात, त्यामुळे यादी आरामात बसते. अ रकान्यात शब्द, पुढच्या सहा रकान्यांत एकेका अक्षरासाठी सर्च (अक्षर कितव्या जागी आहे ते सांगणारं सूत्र), सहाही ठिकाणी आकडा आला तर शब्द ठेवायचा, आणि शेवटी लेन (लांबीचं सूत्र) काढून त्यावर सॉर्ट. फाइंड वापरू नका. ते लहान-मोठी लिपी वेगळी धरतं, सर्च धरत नाही.

प्रश्नकर्ता

ग्रेपची साखळी चालली, धन्यवाद. पण दोन गोष्टी विचित्र दिसताहेत. ‘कॉपीराइट’ची लांबी १० येते आहे. आणि दुसरा, कमी अक्षरांचा संच देऊन सॉर्ट उलटा लावला तर एक अंकी लांबीच्या ओळी दोन अंकी लांबीच्या ओळींच्या वर बसतात.

प्रतिसाद २

सॉर्ट आकड्यांना मजकूर समजतो आहे. मजकुरात ‘९’ हा ‘२७’ च्या नंतर येतो, म्हणून उलट क्रमात वर बसतो. उलट्या क्रमाच्या आर या पर्यायासोबत एन (आकडे म्हणून लावा) हा पर्यायही द्या.

लांबी एकाने जास्त येते म्हणजे फाइल विंडोजवर बनलेली आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरिज रिटर्न हे न दिसणारं चिन्ह असतं, तेही मोजलं जातंय. टीआर कमांडने ते आधी काढा. मगच ‘सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त लहान लिपीतली अक्षरं’ ही चाळणी लावा. तिने विशेषनामं आणि अपॉस्ट्रॉफी-एसवाल्या ओळी जातील. हा क्रम उलटा केलात तर कॅरिज रिटर्नमुळे एकही ओळ चाळणीतून उतरणार नाही, आणि असा शब्दच इंग्रजीत नाही असं वाटेल.