वृद्धांचे दीड हजार दोन तुकड्यांत का येतात?

प्रश्न: दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांच्या खात्यात श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे राज्याच्या वृद्ध निवृत्तीवेतनाचे, दरमहा १५०० रुपये दोन वेगळ्या रकमांनी जमा होतात, कधी एकच येते. असं का?

प्रतिसाद १: कारण पैसे देणारी सरकारं दोन आहेत. केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ पासून चालू आहे. त्यातून ७९ वर्षांपर्यंत दरमहा २०० रुपये, ८० नंतर ५०० मिळतात. उरलेले १३०० किंवा १००० राज्य घालतं. केंद्राचा निधी उशिरा आला की फक्त राज्याची रक्कम दिसते. २०० चा आकडा वर्षानुवर्षं तसाच आहे, हे अन्यायाचंच आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर पूर्ण १५०० राज्याचे. अट वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत.

प्रतिसाद २: दोन्ही रकमा थांबल्या असतील तर आधी आधार बघा. थेट हस्तांतरणात आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेतच पैसे जातात. नवं खातं उघडताना जोडणी बदलू शकते आणि माणूस जुनं पासबुक भरत बसतो. ते ठीक असेल तर हयातीचा दाखला दिलाय का पाहा. तो तहसील कार्यालयात ही निवृत्तीवेतनं सांभाळणाऱ्या संजय गांधी शाखेत द्यायचा, पोच घ्यायची. ग्रामपंचायतीकडे मंजुरीचा अधिकार नाही, तिथे हेलपाटे नकोत.