तापल्यावर ऑटोमॅटिक गिअर घसरतो. गिअरबॉक्स बदलावाच लागेल का?

प्रश्न (जालना):
नमस्कार. माझी गाडी टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेली, सहा गिअरची ऑटोमॅटिक असून ९२,००० किमी चालली आहे. सकाळी ती उत्तम चालते. मात्र तासभर उन्हात धावल्यावर 'डी'मध्ये (पुढे जाण्याच्या स्थितीत) टाकली की दोन-तीन सेकंद जागची हलत नाही, आणि परवा चाळीसगावहून परतताना कन्नडच्या घाटात आरपीएम साडेतीन हजारांवर गेला तरी वेग वाढेना. गॅरेजमध्ये एक फेरी मारून थेट गिअरबॉक्स बदलण्यास सांगितले. तत्पूर्वी काय तपासून घ्यावे?

उत्तर (लातूर):
सर्वप्रथम गिअरबॉक्सचे तेल पाहावे, आणि तेही गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन चालू ठेवून, कंपनीने दिलेल्या तापमानालाच, कारण थंड तेलाची पातळी फसवी असते. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच प्लेटा घसरतात. शिवाय तापून पातळ झालेले तेल झिजलेल्या सीलमधून निसटते, म्हणूनच आपला दोष सकाळी लपत असावा. तेल काळपट असून जळका वास येत असेल, तर प्लेटा झिजल्या आहेत असे समजावे. भलत्या प्रकारचे तेल मात्र 'चालतंय की' म्हणून ओतू देऊ नये.

उत्तर (परभणी):
वरील मताशी सहमत आहे. गाडीतले दोष-कोड वाचणाऱ्या साध्या स्कॅनरवर पी०७०० हा कोड दिसला, तर गिअरबॉक्सच्या संगणकात दोष नोंदलेला आहे एवढेच कळते. नेमका कोड त्या संगणकापर्यंत पोहोचणाऱ्या स्कॅनरनेच वाचता येतो. पी०७४१ निघाल्यास टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडणारा) लागत नाही असा अर्थ होतो, पण त्यामागे सोलेनॉइड (तेलाचा प्रवाह सोडणारा-रोखणारा विजेचा व्हॉल्व्ह) किंवा वायरिंगही असू शकते. तेलाचा कूलर आणि रेडिएटरची जाळी धूळ व कापसाच्या तंतूंनी बुजली आहे का, तेही पाहावे. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत हे कारण मी अगोदर धरतो.

प्रश्नकर्ता (जालना):
आपणा दोघांचे आभार. दुसऱ्या मिस्त्रींनी गाडी वर घेतली, तेव्हा कूलरच्या नळीचा जोड पाझरत असून तेल बरेच कमी झाल्याचे दिसले; रंग गडद होता, पण जळका वास नव्हता. जोड बदलून योग्य तेल भरल्यावर 'डी'मधला विलंब थांबला. चढावर चौथ्या गिअरमध्ये मात्र किंचित घसरण अजून जाणवते, त्यामुळे सोमवारी तेलाचा दाब मोजून घेणार आहे.