मदत हवी आहे : जुन्या गेम्सची यादी आणि ५.२५ इंची फ्लॉपी ड्राइव्ह (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. राजारामपुरीतला एक कॉम्प्युटर क्लास बंद झाला, तिथल्या फ्लॉप्या माझ्याकडे आल्यात. त्यातल्या डॉस (विंडोजच्या आधीची पीसीची सिस्टीम) गेम्सची नीट यादी करतोय. मोबीगेम्स ही वेबसाइट १९९९ पासून जगभरातल्या गेम्सची नोंद ठेवतेय, तरी ते काम संपलेलं नाही. आपल्याकडे हातोहात फिरलेल्या कॉप्या तर कुठेच नोंदलेल्या नसतात.

अडचण अशी की एक गेम म्हणजे नेमकं काय धरायचं? प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरवर आला, डॉसवर १९९०मध्ये. नोंद एक की दोन? कुणीतरी फाईलचं नाव बदललेली, सुरुवातीचा स्क्रीन काढून टाकलेली कॉपी वेगळी धरायची का? माझ्या मते धरावी, कारण इथल्या पोरांनी खेळला तो तोच गेम.

दुसरं, आणि जास्त घाईचं : आपल्या पावसाळी हवेनं काही फ्लॉप्यांवर बुरशी धरलीय. कोल्हापूर किंवा सांगलीत कुणाकडे चालू ५.२५ इंची ड्राइव्ह आहे का? असा ड्राइव्ह यूएसबीनं आजच्या कॉम्प्युटरला जोडणारा ग्रीझवीझल बोर्ड मी घेतोय. बुरशी काढायचा अनुभव असेल तर आधी तेच सांगा, तोवर मी एकही फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालणार नाही.