आजीचं पेन्सिल पोर्ट्रेट: सगळं मापात हाय तरी आजी वाटंना, काय चुकलंय सांगा

रेघोट्या_सेलू

नमस्कार सगळ्यांना. मी सेलूचा, परभणी जिल्हा. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी अन् इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, त्यानंतर दहा-बारा वर्षं पेन्सिल हातात घेतली नाही, आता परत सुरू केलंय. आजी जाऊन दोन वर्षं झाली, आईची आई, आई तिला माय म्हणायची. तिचं चित्र काढून आईला द्यायचंय. धड म्हणावा असा फोटो एकच हाय, अंगणात लिंबाखाली बाजेवर बसलेली, डोक्यावर पदर, कपाळावर अन् हनुवटीवर गोंदण. मीच मोबाईलवर अगदी जवळून काढलेला. त्याच्यावर चौकटी आखून ए-थ्री कार्ट्रिज पेपरवर उतरवलं, एचबी अन् टू-बी वापरली, तीन आठवडे रोज दुकान बंद केल्यावर रात्री बसायचो, एक एक सुरकुती मोजून काढली. झाल्यावर आईला दाखवलं तर ती बराच वेळ बघत राहिली अन् म्हणली, "काढलंस चांगलं, पण ही माय नाही रे, तिच्यावानी दुसरीच कोणीतरी बाई हाय."

तेव्हापासून मन लागंना. फोटो अन् चित्र दोन्ही टाकलेत. बरं वाटावं म्हणून काही लिहू नका, चुकलंय ते सांगा, परत पहिल्यापासून काढायची तयारी हाय माझी.

ड्रॉइंगवाले_सर, नांदेड

मेहनत दिसते आहे, हात चांगला आहे तुमचा. पण पट्टी घेऊन एक गोष्ट मोजा. डोकं सरळ असलं की डोळ्यांची रेषा हनुवटी अन् माथा यांच्या साधारण मधोमध येते. तुमच्या चित्रात डोळ्याच्या वर जागाच उरलेली नाही, पदर थेट कपाळाला चिकटल्यासारखा आला आहे. पदराच्या आत कवटी असते, तिच्यावर केस असतात अन् त्याच्यावर कापड. आधी बारीक रेघेने आख्खं डोकं काढून घ्या, मग त्याला पदर नेसवा. माझी मुलं पण फेटा-टोपी काढताना हेच करतात, डोकं विसरून जातात.

दुसरं म्हणजे नुसत्या एचबी-टू-बीवर अंधार येत नाही. पेन्सिलीत ग्राफाइटमध्ये माती मिसळलेली असते, माती जास्त तितकी पेन्सिल टणक अन् फिकी. पदराच्या आतली सावली, नाकपुड्या, पापणीखालची रेघ यांना सिक्स-बी लावा, ती मऊ अन् गडद असते. दाबून नाही, थरावर थर द्या, दाबलं की चकाकतं. डोळे मिचकावून फोटो बघा, सगळ्यात गडद कुठं आहे ते लगेच कळेल.

काळी_माती, लातूर

दादा मी सुरकुत्यांबद्दल बोलते कारण माझं पण पहिलं चित्र ह्यानेच गेलं होतं. तुम्ही सुरकुती म्हणजे रेघ धरलीय, ती रेघ नसतेच, ती घडी असते. एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला सावली, अन् सावलीची एक कड तीक्ष्ण असते तर दुसरी हळूहळू गालात विरून जाते. तुमच्या चित्रात सगळ्या सुरकुत्या एकसारख्या काळ्या आल्यात त्यामुळं चेहऱ्यावर जाळी टाकल्यासारखं दिसायलंय. आधी गालाचा मोठा गोलवा शेड करा, सुरकुत्या सगळ्यात शेवटी, अन् निम्म्या सोडून द्या. उजेड काढायला नीडेड इरेझर घ्या, पिठाच्या गोळ्यासारखा मऊ असतो तो, चिमटीत टोक करून नुसता टेकवायचा, घासायचा नाही. आणि बोटाने पुसू नका हो, कपाळावर तो डाग दिसतोय ना तो बोटाच्या तेलाचा आहे, तिथं नंतर पेन्सिल नीट धरत नाही. टिश्यू नाहीतर कागदाची सुरळी वापरा.

अन् गोंदण! माझ्या आजीला पण होतं, म्हणून मुद्दाम सांगते. तुम्ही ते काजळाने काढल्यासारखं कातडीच्या वर काढलंय. गोंदण कातडीच्या आत असतं अन् इतक्या वर्षांत त्याचे ठिपके पसरून हिरवट-निळसर होतात, कडा राहत नाहीत. एचबीने हलकं काढा, वरून कागदाच्या सुरळीने एकदा दाबा अन् मग कपाळाची शेडिंग त्याच्यावरून तशीच जाऊ द्या. तेव्हा ते आत बसेल.

रेघोट्या_सेलू

ताई गोंदणाचं एकदम बरोबर, तिच्या हनुवटीवरचे तीन ठिपके जवळ जवळ एकच झाले होते, मी तीन वेगळे गोल काढले. सर, मोजलं, हनुवटी ते डोळा ११ सेंटीमीटर अन् डोळा ते माथा पदरासकट ८. पण मी तर चौकटी आखून काढलं ना, मग एवढा फरक कामून पडला?

भिंतीवरची_रेघ, संभाजीनगर

फरक फोटोतच आहे भाऊ. मोबाईल हातभर अंतरावर धरून काढला की नाक जवळ असतं म्हणून फुगतं, कान अन् माथा मागे असतात म्हणून आक्रसतात. ती चूक तुमच्या चौकटींनी इमानदारीत कागदावर आणली. चौकट वाईट नाही, मी पण वापरतो, पण ती फोटोवर शंका घेत नाही. लग्नातला, बारशातला, कुठला तरी लांबून काढलेला फोटो शोधा, आजी मागच्या रांगेत बारीक दिसली तरी चालेल, माप त्याच्यावरून घ्या अन् बारकावे जवळच्या फोटोवरून.

आणखी एक, जमलं तर अजिंठ्याला एक चक्कर टाका (सोमवारी बंद असतं). पहिल्या लेणीतला पद्मपाणी बघा, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, भिंतीवर रंगवलेला. आमच्याकडून बसने दोन-अडीच तासाचा रस्ता म्हणून आम्हाला त्याचं अप्रूप राहत नाही, पण मी परवा तिथं तासभर उभा होतो. खाली झुकलेली पापणी एका रेघेत आहे अन् नाकाच्या दांडीवर, हनुवटीवर फिकट रंग ठेवून उठाव आणलाय. सगळा चेहरा त्या पापणीवर उभा आहे. तुमच्या चित्रात पापणीला जाडीच नाही, डोळ्याचा पांढरा भाग कोऱ्या कागदासारखा सोडलाय. डोळा गोल असतो, वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडते, तिथं हलका राखाडी हात फिरवलाच पाहिजे.

बाभूळबन

सगळ्यांचं वाचलं, पटलं. मला एकच विचारायचंय. फोटो मोठा करून बघितला, आजींचा डावा डोळा, म्हणजे आपल्या उजव्या हाताकडचा, बारीक आहे ना? पापणी खाली आलेली दिसते. अन् ओठाचं ते टोक पण थोडं वर. तुमच्या चित्रात दोन्ही डोळे अगदी सारखे आहेत. हे तसंच आलं का तुम्ही बदललंत? कागदाने अर्धा अर्धा चेहरा झाकून दोन्हीकडं बघा, आणि चित्र आरशात पण बघा एकदा.

रेघोट्या_सेलू

बदललं. मीच बदललं. मला वाटलं फोटो काढताना पापणी हलली असेल म्हणून उजव्या डोळ्यावरून डावा काढला. तुमचं वाचून आईला विचारलं तर म्हणली, मायचा तो डोळा पहिल्यापासूनच तसा, बोलताना आणखी बारीक व्हायचा, कोणाची मजा करायची असली की आधी तो डोळा मिटायचा. मी तिच्या मांडीवर वाढलो अन् चित्र काढताना तेच पुसून टाकलं.

नवीन कागद घेतोय. मावशीकडून एक लांबचा फोटो मागवलाय.

रेघोट्या_सेलू (महिन्याने)

दुसरं चित्र टाकलंय बघा. माप मावशीच्या फोटोवरून घेतलं, आधी आख्खं डोकं काढून मग पदर. पदराच्या आत सिक्स-बीचे चार-पाच थर. सुरकुत्या पहिल्या चित्राच्या निम्म्या पण नाहीत. डाव्या डोळ्याला चार दिवस लागले, तीनदा खोडला, पापणी अर्ध्या मिलीमीटरने वर गेली तरी आजी निघून जायची अन् खाली आली की झोपलेली दिसायची. काल आईच्या हातात दिलं. दुसरी बाई म्हणली नाही. चष्मा लावून बसली अन् म्हणली, "मायच्या लुगड्याचा काठ एवढा रुंद नसायचा, बोटभर असायचा." काठ फोटोत नीट दिसत नव्हता, मी अंदाजाने काढला होता. आता तेवढा बारीक करतो.

फ्रेम करायची हाय, फिक्सेटिव्ह (पेन्सिल पुसू नये म्हणून मारायचा स्प्रे) मारू का तसंच देऊ?

काळी_माती, लातूर

किती छान झालंय दादा, तो डोळा! फिक्सेटिव्ह मारायचंच, पण आधी कोपऱ्यावरच्या रिकाम्या कागदावर ट्राय करा, मग हातभर लांबून हलके दोन थर, मधे वाळू द्या. काठ दुरुस्त केल्यावरच मारा, नंतर खोडता येत नाही.

ड्रॉइंगवाले_सर, नांदेड

आणि फ्रेमवाल्याला माउंट (चित्र अन् काच यांच्या मधली पुठ्ठ्याची चौकट) टाकायला सांगा, काच कागदाला टेकली की ग्राफाइट काचेला लागतं. भिंत उन्हाची नको.